लॉरिमरच्या नाटकाचा शेवट

"जाळतो! एकेक करून शेकोटीत टाकतो!" लॉरिमर ओरडला आणि मोज्यातल्या पायानं विझलेल्या शेकोटीच्या जाळीला त्यानं लाथ मारली. "बाहेर बर्फ, आत म्हातारा पाळक, आणि पळून गेलेल्या मुलीची पत्रं आगीत. लिहा, मिस पटोळे."

मी लिहिलं नाही. टाइपरायटरवर बोटं होती, पण हलली नाहीत.

"काय झालं? रिबन संपली?"

"रिबन ठीक आहे," मी म्हटलं. "पाळक पत्रं जाळणार नाही."

एडविन लॉरिमरला कुणी मध्येच अडवत नसे. गिरणीकामगाराचा हा पोरगा, सव्विसाव्या वर्षी त्याचं 'लोकरीची गिरणी' हे नाटक लंडनमध्ये दोन वर्षं चाललं. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढची दोन नाटकं मात्र पडली, एक तर अकरा प्रयोगांत. मी त्याच्याकडे कामाला लागले तेव्हा तो चौतिशीचा होता आणि हे नाटकही पडलं तर आपण संपलो, हे तो दिवसातून चारदा बोलून दाखवायचा. लोकांना वाटतं नाटककार टेबलाशी बसून लिहितो. हा गृहस्थ कधीच लिहायचा नाही. सकाळी दहा वाजता बूट काढायचा, खोलीत येरझाऱ्या घालायचा, सगळी पात्रं स्वतः बोलायचा आणि मी बडवत जायची. मूळ कागद एक, कार्बन तीन. बायकांची वाक्यं ऐकून बघायची झाली की ती मला मोठ्यानं वाचायला लावायचा. अडला की विचारायचा, "मिस पटोळे, ही बाई आता काय म्हणेल?" मी काहीतरी म्हणायची. ते पसंत पडलं तर तो बोट वर करायचा. म्हणजे टाइप कर.

मी नगरची. मिशनच्या इस्पितळात टायपिस्ट होते. वडील चर्चचे पाळक. ते वारल्यावर इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन विलायतेला निघाल्या, त्यांनी मला मदतनीस म्हणून सोबत नेलं. दोन वर्षांत त्याही गेल्या. मग एका एजन्सीनं मला लॉरिमरच्या दारात उभं केलं. मी सांगतेय ते एकसष्ट सालच्या मार्च महिन्यातलं.

"का नाही जाळणार?" त्यानं विचारलं. आवाजात राग होता, पण ऐकायची उत्सुकताही होती.

आता मी गप्प बसायला हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय मला कुणी शिकवायला हवं होतं? पण चूक दिसली की दुरुस्त करायची, ही टायपिस्टची खोड. डोळ्यासमोर चुकीचं जायला लागलं की हात शिवशिवतात.

"पत्र जाळलं तर मुलीला कळणार कसं?" मी म्हटलं. "ती आशेवर राहील. टपाल गहाळ झालं असेल म्हणेल. बापाला तेच नको असतं. पत्र पोचलं आणि घेतलं नाही, हे तिला कळायला पाहिजे. म्हणून पाकीट फोडायचं नाही. वर लिहायचं, 'स्वीकारले नाही, परत पाठवा.' मग टपालवालाच ते तिच्या हातात परत नेऊन देतो."

लॉरिमर खाली बसला. तो बसलेला मी त्या खोलीत पहिल्यांदाच पाहत होते.

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

कुठंतरी वाचलं, असं म्हणता आलं असतं. पण नऊ वर्षं मी ते कुणाशी बोलले नव्हते. नगरपासून पाच हजार मैलांवर, माझं आडनावही धड उच्चारता न येणाऱ्या माणसापुढं बोलायला काय हरकत, असं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"माझी मोठी बहीण रत्ना," मी सांगितलं. "ती एका नाटक कंपनीतल्या पेटीवाल्याबरोबर गेली. तंबूतली कंपनी. आज बार्शी, उद्या मिरज."

"वडील पाळक, आणि जावई नाटकवाला!" लॉरिमरच्या डोळ्यांत चमक आली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"त्यांनी रविवारी भर देवळात सांगितलं, मला एकच मुलगी आहे. घरात तिचं नाव घ्यायचं नाही. मग तिची पत्रं यायला लागली, आईच्या नावानं. टपाल दुपारी यायचं. आई तेव्हा बायकांच्या सभेला गेलेली असायची. टपाल मी घ्यायची."

"आणि वडील पाकिटावर लिहायचे."

"नाही."

खाली रस्त्यावर दूधवाल्याच्या बाटल्या वाजत होत्या, अजून आठवतं.

"बाबा म्हणाले, 'एस्तेर, तुझं अक्षर वळणदार आहे, तू लिही.' मी सोळा वर्षांची होते. मी लिहायची आणि टपालवाल्याच्या हातात परत द्यायची."

"म्हणजे तुमच्या बहिणीला अक्षर..."

"तिनंच मला गिरवायला शिकवलं होतं."

अगदी हलक्या आवाजात लॉरिमरनं विचारलं, "पुढं?"

"पुढं काय! ती हुबळीला बाळंतपणात गेली. पेटीवाल्यानं कार्ड टाकलं. कार्डाला पाकीट नसतं, ते बाबांनी वाचलं आणि आईला सांगितलं. आई रडली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. म्हणाली, 'दोन वर्षांत एक ओळ टाकली नाही पोरीनं. आईला इतकं परकं करावं?' अजून तेच म्हणते. मेलेल्या लेकीवर रुसून बसलीये ती."

"आईला माहीतच नाही?"

"नाही. आणि कळता कामा नये. मिस्टर लॉरिमर, मी हे तुम्हाला सांगितलं ते नाटकासाठी नव्हे."

"अर्थातच नव्हे," तो म्हणाला. आणि त्या क्षणी ते त्याला खरंच वाटत असावं, इतपत न्याय मी त्याला देते.

चारच दिवसांत त्याच्या नाटकातल्या पाळकाला दुसरी मुलगी झाली. सोळा वर्षांची. अक्षर वळणदार.

मी मशीनवरचे हात काढून घेतले. "तुम्ही शब्द दिला होता."

"तुमचं नाव कुठाय यात? नगर कुठाय? गाव यॉर्कशरचं, माणसं यॉर्कशरची. तुमची आई बोटीत बसून लंडनला नाटक बघायला येणार आहे का?"

"प्रश्न तो नाही."

"मग कुठला?"

माझ्या पोटात नऊ वर्षं दडलेली गोष्ट एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याखाली आणखी एक काहीतरी होतं, त्याची मला लाज वाटते. ते चांगलं लिहिलं होतं. बाबांपेक्षा त्याचा पाळक जास्त बाबांसारखा बोलत होता. आणि एके ठिकाणी त्यानं टपालवाल्याला सकाळी आणलं, तर मी आपणहून म्हटलं, "सकाळी नको, दुपारी. सकाळी आई घरी असते." त्यानं बोट वर केलं. मी टाइप केलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

शेवटचा प्रवेश त्यानं मे महिन्यात रचला. त्यात धाकटी आईला सगळं सांगून टाकते. ते ऐकून बघायला त्यानं मला उभं केलं आणि आई स्वतः झाला. सहा फुटांचा, मिशाळ माणूस, खांद्यावर शाल म्हणून टाइपरायटरचं मेणकापड! एरवी मी हसून लोळले असते. मी कागद हातात धरला आणि मुलीची वाक्यं वाचली. पाकिटावर मी लिहायची, आई. ती पत्रं तुझी होती.

लॉरिमर पुढं आला. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईच्या आवाजात म्हणाला, "तू सोळा वर्षांची होतीस, बाळ. तुझ्या हातात लेखणी दुसऱ्यानं दिली."

मी रडले. उभ्या उभ्या, हुंदके देऊन रडले. कागदावरचं अक्षर दिसेनासं झालं. त्यानं हात काढला नाही, मी थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग मेणकापड खाली ठेवत म्हणाला, "हे शेवटचं वाक्य घेतलंत ना?"

'पाळकाचं दार' या नावानं नाटक ऑक्टोबरात लागलं. मला सर्वांत वरच्या मजल्यावरची जागा मिळाली होती, शेवटच्या रांगेत. शेवटचा प्रवेश सुरू झाला आणि माझ्या आजूबाजूला लोक नाक पुसायला लागले. शेजारच्या जाड्या गृहस्थानं तर चष्मा काढून मांडीवर ठेवला. नाटकातल्या आईनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा भरलं थिएटर गहिवरलं. त्या पोरीवर एकाही माणसाचा राग नव्हता. मी अंधारात बसून ते पाहिलं आणि माझ्या मनात आलं, हजार अनोळखी माणसं तिला क्षमा करतात. माझी आई तर माझी आई आहे.

कुणी म्हणेल, नाटक पाहून असं कुणी करतं का? मी केलं. नाटकवाल्याबरोबर पळून गेलेल्या बहिणीला मी मनातल्या मनात भोळी म्हणायची. ती निदान हाडामांसाच्या माणसावर भाळली होती. मी भाळले एका प्रवेशावर.

पुढच्या रविवारी प्रार्थनेहून आले आणि जेवायच्या आत आईला पत्र लिहायला बसले. सगळं लिहिलं. बाबांचं, माझं, रत्नाताईचं. तुझी लेक तुला विसरली नव्हती, तिनं पत्रं टाकली होती, ती मी परत धाडली. मला क्षमा कर. शेवटी लॉरिमरचं वाक्यही मी माझ्या नावानं घुसवलं. मी सोळा वर्षांची होते, माझ्या हातात लेखणी दुसऱ्यानं दिली. वाचून पाहिलं तर फार छान वाटलं. पेटीत टाकून आले आणि बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवले.

तिकडं लॉरिमरची वेगळीच तऱ्हा चालली होती. नाटकाला गर्दी होत होती, पण दोन मोठ्या समीक्षकांनी शेवटावर झोड उठवली. एकानं लिहिलं, अडीच तास कडू औषध पाजून लॉरिमरनं शेवटी मुलांना देतात तशी साखर हातावर ठेवली. ते कात्रण त्यानं इतकं वाचलं की घडीवर फाटलं. त्यातच न्यूयॉर्कचा निर्माता आला. नाटक तिकडं न्यायला तयार, पण शेवट बदलून हवा, डिसेंबरच्या आत.

"साखर!" तो येरझाऱ्या घालायचा. "तुम्ही सांगा, मिस पटोळे, साखर आहे का ती?"

"मला गोड वाटलं नव्हतं," मी म्हणायची. मी टपालाची वाट पाहत होते. माझं लक्ष कुठं त्याच्या साखरेत!

त्यानं मुलीला विहिरीत ढकलून पाहिलं. आईला वेड लावून पाहिलं. एकदा तर मेलेल्या मुलीचा नवराच दारात आणून उभा केला. सगळं दुसऱ्या दिवशी टोपलीत. माणूस निम्मा झाला होता. रागावला की लहान मुलासारखा दिसायचा, आणि खरं सांगते, मला त्याची दयाही यायची.

उत्तर आलं नोव्हेंबरच्या अखेरीस. कामावर निघताना घरमालकिणीनं हातात दिलं. निळं हवाईपत्र, आईचं अक्षर. चालता चालताच फोडलं. एवढ्या मोठ्या कागदावर वरच्या बाजूला दोन ओळी, बाकी सगळा कोरा. उलटून पाहिलं. मागंही कोरा. मी फुटपाथवर उभी राहिले. लोक बाजूनं जात होते.

लॉरिमरकडे पोचले आणि कोट न काढताच मशीनपुढं बसले.

"तुम्ही आजारी आहात का?" त्यानं विचारलं.

"आईचं पत्र आलंय."

"बरी आहे ना?"

मी मान हलवली, आणि मग मला राहवेना. त्या शहरात ही गोष्ट ठाऊक असणारा तोच एक माणूस होता. दुसऱ्या कुणापुढं ते ठेवणार होते मी? "मी तिला लिहिलं होतं," मी म्हटलं. "सगळं. तुमचं नाटक पाहून लिहिलं."

त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला. "अरे देवा. काय म्हणते ती?"

मी हवाईपत्र उलगडलं आणि त्याला इंग्रजीत सांगितलं. मराठीत ते असं होतं:

'एस्तेर, तुझं पत्र पोचलं, सगळं वाचलं. किती पत्रं होती तेवढं कळव.'

"आणि?" लॉरिमर म्हणाला.

"बस. एवढंच."

तो खिडकीपाशी गेला. मला वाटलं, आता हा काहीतरी धीराचं बोलेल. मे महिन्यात माझ्या डोक्यावर हात ठेवणारा नाटकातला नव्हे, खरा लॉरिमर काहीतरी म्हणेल. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"किती होती," तो पुटपुटला. मग पुन्हा, वेगळ्या आवाजात, बाईच्या. "किती होती?" तिसऱ्यांदा अगदी सपाट, भांडी किती घासायची आहेत असं विचारावं तसं. मग तो वळला. चेहऱ्यावर दुःख होतंच, नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या दुःखाखाली आनंद लपत नव्हता.

"रागावत नाही," तो म्हणाला. "क्षमा करत नाही. रडतही नाही. फक्त विचारते, किती होती. बाई, हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे कुणापेक्षाही चांगलं आहे!"

"ते माझ्या आईचं पत्र आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. ठाऊक आहे मला." त्यानं बूट काढलेसुद्धा होते. "शेवटचा प्रवेश काढा. मुलगी सांगते, ते सगळं तसंच राहील. डोक्यावरचा हात, लेखणी, ते सगळं काढून टाका. आई मुलीकडे बघते. मोठा विराम. आणि मग..." त्यानं बोट वर केलं.

मी उठून जायला हवं होतं. कोट तर अंगावरच होता. दार तीन पावलांवर. चाळीस वर्षं मी स्वतःला विचारत आले आहे, की मी उठले का नाही. नोकरीचं म्हणावं, तर लंडनमध्ये टायपिस्टला कामाचा तोटा नव्हता. तेव्हा ते कारण नव्हे. त्यानं बोट वर केलं की माझे हात चालत. बाबांनी पाकीट पुढं केलं की चालत, तसेच. मी नवा कागद घातला, त्याखाली तीन कार्बन नीट जुळवले आणि टाइप केलं. आई : किती होती?

"छान," लॉरिमर म्हणाला. मग तो माझ्या अगदी जवळ आला आणि सवयीनं, विचारही न करता, त्यानं विचारलं, "मिस पटोळे, आता मुलगी काय म्हणेल?"

मी मशीनमधल्या कागदाकडे पाहिलं. आकडा माझ्या ओठावर होता. तो कधीही ओठावरच असतो.

"काहीच नाही," मी म्हटलं. "ती काही बोलत नाही."

"काही बोलत नाही," तो सावकाश म्हणाला. "आणि पडदा. बरोबर. अगदी बरोबर."

न्यूयॉर्कमध्ये नाटकानं कहर केला. मग पॅरिस, बर्लिन, कुठं कुठं. लॉरिमरला पुढं 'सर' हा किताब मिळाला. शेवटच्या त्या शांततेवर प्राध्यापकांनी पुस्तकं लिहिली. ते वाक्य कसं सुचलं, असं त्याला एका मुलाखतीत विचारलं, तर म्हणाला, कुत्र्याला फिरवून आणत असताना. त्याच्याकडे कधी कुत्रा नव्हता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान बीळ कुणाचं ते आठवत असावं. त्याच्या चरित्रात मी एकदा येते, पान एकशे बारा. 'त्याची भारतीय टंकलेखिका.' आणि तरी मी त्याच्याकडे आणखी सहा वर्षं राहिले, हेही सांगून टाकते. दुसऱ्याला नागोबा म्हणणं सोपं असतं.

आईला उत्तर लिहायला मी त्याच संध्याकाळी बसले होते. एक आकडा तर लिहायचा होता. पण नुसता आकडा लिहिला की उद्धट वाटायचा आणि पुढं काही जोडलं की ते नाटकातलं वाटायचं. माझ्याजवळ माझं असं एकही वाक्य शिल्लक राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. मग रविवारी लिहू म्हटलं. मग नाताळ झाल्यावर. आणि मनाच्या तळाशी कुठंतरी हेही होतं, की मुलगी काही बोलत नाही हे आता ठरलेलं आहे, टाइप झालेलं आहे, चार प्रतींत.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या सुवार्ता नावाच्या चुलतबहिणीचं पत्र आलं. काकू, म्हणजे माझी आई, गेली; झोपेतच गेली, फार त्रास झाला नाही. पुढं तिनं सहज लिहिलं होतं, की नाताळापासून काकूनं बायकांच्या सभेला जाणं सोडलं होतं. दुपारी दारात खुर्ची टाकून बसायची. टपालवाला पुढं निघून गेला की उठून आत जायची. कुणाच्या पत्राची वाट बघायची ते तिनं कुणाला सांगितलं नाही, तुला काही ठाऊक आहे का?

सतरा पत्रं होती. सुवार्तेलाही मी ते कळवलं नाही.